ऐनाखालचे नऊ दिवस

ध्यानाला का बसलो असं कोणी विचारलं, तर पूर्वी मी मोठमोठी कारणं सांगायचो. वैराग्य, आत्म्याचा शोध, असलं काहीतरी. खरं कारण एवढंच की मी एका माणसाच्या कानाखाली वाजवली होती आणि माझ्या बायकोनं ते पाहिलं होतं.

देश स्वतंत्र होऊन पाच-सहा वर्षं झाली असतील. मी जंगलखात्यात नाकेदार होतो. मूळचा राजुऱ्याकडचा, पण नेमणूक आलापल्लीच्या जंगलात, नऊ मैल आत, वीस-बावीस घरांच्या एका गावात. वस्ती सगळी गोंडांची. आमचं सरकारी खोपटं गावाच्या कडेला. हिवाळ्यात सागाची तोड चालायची. कोणतं झाड पाडायचं त्यावर मी आधी खूण करायची, मग मजुरांनी ते पाडायचं, आणि पडलेल्या लाकडावर मी पुन्हा सरकारी शिक्क्याचा हातोडा मारायचा. काम सोपं, पण माझं डोकं तापट. आवाज चढवल्याशिवाय मला साधं पाणीसुद्धा मागता येत नव्हतं.

एका मजुरानं बिनखुणेचं झाड पाडलं असं मला वाटलं आणि मी सगळ्यांदेखत, भाकर घेऊन आलेल्या माझ्या बायकोदेखत, त्याच्या कानाखाली दिली. मग त्यानं शांतपणे खोडाची दुसरी बाजू दाखवली. खूण होती. मीच केलेली होती आणि मीच विसरलो होतो. तो कुऱ्हाड उचलून पुढच्या झाडाकडे गेला. आणि संध्याकाळी त्याची बायको नेहमीसारखी टोपलीभर बोरं घेऊन आमच्या दारात आली, माझ्या बायकोशी हसून बोलली, आणि गेली.

"तिनं बोरं काऊन आणली ते समजते का तुम्हाले?" बायकोनं विचारलं.

"काऊन?"

"मलेबी नाई समजत. तिच्या जागी मी असती, तं मले तुमच्या घरची भाकरबी नाई चालली असती." त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. माझ्या बायकोला मौन पाळायला गुरू लागत नव्हता.

मजुराची बायको आणि माझी बायको, ह्या दोघींची चांगली गट्टी होती. त्या बाईच्या लग्नाला सात वर्षं झाली होती आणि पहिल्यांदाच दिवस गेले होते. माझी बायको तिच्यासाठी जुन्या लुगड्यांची छोटी गोधडी शिवत बसायची. आम्हालाही मूल नव्हतं. गोधडी शिवताना ती माझ्याकडे पाहत नसे, मीही विषय काढत नसे.

आलापल्लीच्या लाकूड-डेपोत एक म्हातारे मोजणीदार होते. सिरोंच्याकडचे, बोलण्यात तेलुगूचा हेल, दाढेखाली कायम तंबाखू. ते रोज पहाटे ध्यानाला बसतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण त्यांचं कोणी फारसं मनावर घेत नसे. महिन्याच्या कामाला गेलो तेव्हा मी त्यांच्याजवळ बसलो आणि म्हटलं, "माझा राग जाईल असं काहीतरी सांगा."

"राग जात नाई," ते म्हणाले. "पण राग आल्यावर तुले तो दिसला पायजे. तेवढं होईल." मग त्यांनी पाठ ताठ ठेवून बसायला शिकवलं, श्वासावर लक्ष ठेवायला शिकवलं, एक छोटा मंत्र दिला. तो कोणाला सांगू नको म्हणाले, म्हणून इथंही सांगत नाही.

तीन महिने काही झालं नाही. मुंग्या पायाला यायच्या, तेवढाच काय तो अनुभव. खोपटात बायकोची भांडी वाजायची, म्हणून मी बसायला बाहेरची जागा शोधली. गावापासून दोनशे पावलांवर ऐनाचं एक थोरलं झाड होतं. सावली दाट, बुंध्याशी सपाट दगड. जंगलखात्याच्या माणसाला ऐन म्हणजे सागाच्या खालच्या दर्जाचं लाकूड. त्याच झाडात ह्या गावाचा देव राहतो, त्याला ते पेन म्हणतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही. ऐकलं होतं. पण सरकारी माणसाला कोणी अडवत नाही, मीही विचारलं नाही. बसलो.

आणि त्या दगडावर, चौथ्या की पाचव्या सकाळी, ते झालं.

आधी माकडहाडाशी ऊब जाणवली. ऊन लागलं असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं. ऊब हळूहळू कमरेत आली, तिथं थांबली, आणि मग पाठीच्या कण्यातून काहीतरी वर सरकू लागलं, अगदी सावकाश. पोट आपोआप आत ओढलं गेलं. श्वास बाहेर गेला तो आत यायलाच तयार नाही, आणि आश्चर्य म्हणजे मला त्याची गरजही वाटेना. मग अंग हादरू लागलं. मान गोल फिरायला लागली, हात थरथरत मांड्यांवर आपटायला लागले, घशातून एक लांब हुंकार निघाला आणि तो माझा नव्हता. मी घाबरलो. पण भीतीच्याही मागे एक जागा होती, तिथं मी शांतपणे बसून हे सगळं बघत होतो. थरथर ओसरल्यावर जी शांतता आली ती मी त्याआधी कधी अनुभवली नव्हती आणि सांगायचा प्रयत्न कितीदा केला तरी सांगता आलेली नाही. मला रडू आलं. ज्याला मी मारलं होतं तो माणूस डोळ्यांसमोर आला आणि मला त्याची इतकी माया वाटली की मी तिथल्या तिथे उठून त्याच्या घरी जायला हवं होतं. गेलो नाही. मला तिथंच बसावंसं वाटलं.

मोजणीदारांकडे धावत गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तंबाखू थुंकली, माझ्या पाठीवरून मानेपर्यंत बोट फिरवून बघितलं. "शक्ती जागी झाली," ते म्हणाले. "आता सांभाळ. अकरा दिवस तोंड बंद ठेव. बोलण्यात फार वाया जाते."

मी रजा टाकली आणि मौन धरलं. बायकोनं कपाळाला हात लावला. "आधी बोल बोल बोलाचे, आता बोलाचंच नाई. मधलं काई जमत नाई काय तुम्हाले?" असं म्हणाली, पण रोज न चुकता ताट वाढत होती.

ते दिवस खरोखर सुंदर होते, हे मी लपवणार नाही. रोज सकाळी दगडावर बसलं की ऊब उठायची, अंग हलायचं, आणि दररोज ती थोडी आणखी वर यायची. नाभी, छाती. छातीत आली त्या दिवशी मी पोटभर रडलो. झाडावरचं पाखरूदेखील जवळचं नातेवाईक वाटलं. आठव्या दिवशी ती गळ्यापाशी येऊन थांबली. आता कपाळापर्यंत जाईल, अजून तीनच दिवस, असं मी मोजत होतो. मोजायला लागलो तिथंच खरं तर मी बिघडलो.

माझ्या अंगाला येणारा कंप गावानं पाहिला होता. ऐनाखाली, देवाच्या दगडावर, माणूस घुमतो आहे, हुंकार देतो आहे, आणि घरी येऊन कोणाशी बोलत नाही. पहिले दोन दिवस ते लांबून बघत राहिले. म्हाताऱ्यांमध्ये बोलणं झालं. परका माणूस, त्यातून नाकेदार, ह्याच्यावर पेन कसा बसेल, असं काही म्हणाले. पण पेन कोणावर बसेल ते आपण कोण ठरवणार, असंही काही म्हणाले. गावचा पुजारी असता तर त्यानं खरं-खोटं पाहिलं असतं. तो नेमका एका मयतीसाठी इंद्रावतीपलीकडच्या गावाला गेला होता. मला ह्यातलं काही माहीत नव्हतं. कसं माहीत असणार? विचारायला तोंड उघडावं लागतं.

नवव्या दिवशी सकाळी मी डोळे मिटून बसलो होतो. कंप चालू होता, ऊब गळ्यात होती. पावलं वाजली. बैलांच्या गळ्यातल्या घंटा वाजल्या आणि थांबल्या. कोणीतरी माझ्यासमोर दगडावर तांदूळ ठेवले, दाणे पडल्याचा बारीक आवाज आला.

"पेना," तो म्हणाला. आवाज ओळखीचा होता. मी ज्याला मारलं होतं तोच. "बाईले काल सकाळपासून कळा सुरू हायेत. सुईण म्हणते, पोरगं आडवं हाये. आलापल्लीच्या दवाखान्यात नेऊ का?"

मी ऐकलं. शब्द न् शब्द ऐकला. कोणी मला सांगितलं की तुम्ही समाधीत होता, तुम्हाला शुद्ध नव्हती, तर ते खोटं आहे. मला पूर्ण शुद्ध होती.

"नेऊ का?" त्यानं दुसऱ्यांदा विचारलं.

माझ्या मनात काय आलं ते सांगतो. दोन दिवस उरलेत, हे आलं. आता बोललो तर गळ्यापर्यंत आलेलं खाली उतरेल, हे आलं. आणि मग स्वतःला पटवण्यासाठी असंही आलं, की बैल जुंपलेत, गाडी तयार आहे, नेणारच आहे तो, मला कशाला विचारतो? सरकारी माणूस म्हणून विचारत असेल. मान हलवली असती तरी चाललं असतं, पण मान तर तेव्हा गोल फिरत होती, आणि मी ती थांबवली नाही.

"नेऊ का?" तिसऱ्यांदा.

मग घंटा वाजत परत गावाकडे गेल्या. मला बरं वाटलं. गेला एकदाचा, असं वाटलं. ऊब त्या दिवशी कपाळापर्यंत गेली. दोन भुवयांच्या मध्ये निळसर उजेड दिसला, आणि त्याच्यासाठी मी काहीही सोडलं असतं, असा तो उजेड होता.

दुपारी जेवायला घरी आलो तर चूल थंड. बायको नव्हती. थोड्या वेळानं ती आली ती तरातरा, लुगड्याला रक्त, केस सुटलेले. आल्या आल्या तिनं माझ्या दंडाला धरलं.

"तुम्ही नाई म्हटलं त्याले?"

मी नाही अशी मान हलवली. मी काहीच म्हटलं नव्हतं.

"तेच तं. मले आत्ता बायांनी सांगतलं. ह्या गावात बाळंतीण बाईले शिवेपार न्याचं तं पेनले तीनदा विचारतेत. पेन बोलला तं जाचं. नाई बोलला तं नाई जाचं. बैल सोडून टाकले त्यानं. ती तिथी मरून राह्यली, आन् तो मुकाट बसून हाये, का देवानं मनाई केली." ती थांबली, आणि मग हळू आवाजात विचारलं, "तुम्हाले ऐकू आलं होतं का नाई?"

नऊ दिवसांनी माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "हो" हा होता.

बायकोनं माझा दंड सोडला. तिनं मला तेव्हा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी पळत त्यांच्या घरी गेलो. आतून येणारा आवाज ओरडण्याचा नव्हता, ओरडायची ताकद संपली होती. तो दाराशी उकिडवा बसला होता. मी म्हटलं, "बैल जुंप. ने तिला. मी सांगतो, ने." माझा आवाज फाटलेला होता.

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता, आदरही नव्हता. "आता तुमी नाकेदार हाव," तो म्हणाला. "पेनानं नाई म्हटलं. पेनानंच हो म्हणावं लागते."

"अरे, पेन वगैरे काही नव्हतं. मीच होतो."

"तुमाले कसं समजणार? ज्याच्यावर बसते त्याले समजत नाई."

मी रागावलो, पाया पडलो, सरकारचं नाव घेऊन धमकी दिली. दोन म्हातारे मध्ये आले आणि मला बाजूला नेलं. एकजण समजुतीच्या स्वरात म्हणाला, "झाडाखाली बसा. अंगात येऊ द्या. तिथी म्हणसान तं आत्ता नेऊ."

मी झाडाकडे धावलो. माझ्यामागे तो, म्हातारे, चार-दोन बाया, आणि माझी बायको. दगडावर बसलो, पाठ ताठ केली, डोळे मिटले, मंत्र धरला. काही नाही. श्वास छातीत धाडधाड करत होता. ऊब नाही, काही नाही. ये, ये, म्हणत राहिलो. ज्यासाठी तीन महिने धडपडलो ती शक्ती तेव्हा माझ्या ओळखीची नव्हती. वेळ जात होता आणि माझ्यासमोर तो उभा होता, माझे हात कधी हलतात ते पाहत.

मग मी हात हलवले.

कसे हलतात ते मला पाठ होतं. मान फिरवली, हात मांड्यांवर आपटले, घशातून तो हुंकार काढला. अगदी हुबेहूब. एकदा डोळा किंचित उघडला गेला आणि समोर माझी बायको दिसली. तिला कळलं होतं. तिनं पदराचं टोक दातात धरलं होतं आणि ती मला डोळ्यांनी म्हणत होती, करा, आणखी करा. मी आणखी केलं. त्यानं दाणे ठेवले आणि विचारलं. पहिल्याच वेळी मी म्हटलं, "ने. आत्ताच ने."

गाडी जुंपली. माझी बायको आत बसली, त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन, खाली ती गोधडी. गाडी शीव ओलांडेपर्यंत मी उठायचं नाही असं म्हाताऱ्यांनी सांगितलं. मी बसून राहिलो. तहान लागली होती. तोंडाला आलेला फेस मी हातानं पुसला. तो मात्र खरा होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी बायको परत आली. बाई वाचली होती. मूल पोटातच गेलं होतं, मुलगा होता. "डॉक्टरनं विचारलं का काल सकाळपर्यंत हालचाल होती काय," एवढं ती म्हणाली. "ती म्हणे, होती." मग ती गोधडी धुवायला नाल्यावर गेली. मी तिच्या मागे गेलो नाही. तेव्हा मी रडलो, पण छातीत ऊब येऊन रडलो होतो तसं ते रडणं नव्हतं.

मोजणीदारांना मी सगळं सांगितलं. मला वाटलं, ते माझी काहीतरी समजूत घालतील, प्रारब्ध वगैरे म्हणतील. त्यांनी हातातली मोजपट्टी खाली ठेवली. मग म्हणाले, "मी तुले तोंड बंद ठेव म्हटलं होतं. कोणी मरावं असं नोतं म्हटलं." पुढं म्हणाले, "बसणं सोडू नको. सोडलं तं तेबी सोंगच होईल." आणि उठून लाकडं मोजायला गेले.

मी सोडलं नाही. आजही रोज सकाळी बसतो. ती ऊब पुढं वर्षा-दीड वर्षानं पुन्हा उठली, आता उठतेही, कधी कमरेपर्यंत, कधी गळ्यापर्यंत. ती खरी आहे. त्या दिवशीही खरीच होती, मला सर्वांत जास्त छळतं ते हेच. ढोंग असतं तर मी सगळं ढोंगावर ढकलून मोकळा झालो असतो.

त्या दिवसानंतर सव्वा महिन्यानं ती बाई आली. मी खोपटाच्या ओट्यावर हातोड्याचा दांडा बसवत होतो. ती वाळली होती, चालताना एक हात कमरेवर ठेवून चालत होती. काखेत तांबडा कोंबडा. नवरा सोबत नव्हता. तिनं कोंबडा माझ्या पायाशी ठेवला, त्याचे पाय बांधलेले होते, आणि जमिनीला डोकं टेकलं. पेनानं हो म्हटलं म्हणून जीव वाचला, हा त्याचा मान, असं म्हणाली. माझी बायको दारात येऊन उभी राहिली.

मग ती तशीच खाली बसून राहिली. शेवटी तिनं मान वर केली आणि विचारलं, "देवा, सकाळी काऊन नाई बोलला?"

तक्रार नव्हती त्यात. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं. आपल्या हातून काय चुकलं ते देवानं सांगावं, म्हणजे पुढच्या वेळी ते होणार नाही, असं विचारत होती ती.

मला उत्तरं सुचली. देवाची मर्जी म्हणता आलं असतं. मी बायकोकडे पाहिलं, तिनं माझ्याकडे पाहिलंच नाही. मी हातोडा बाजूला ठेवला, ओट्यावरून उतरलो आणि तिच्यासमोर मातीत बसलो.

"देव नव्हता," मी म्हटलं. "सकाळीही मीच होतो आणि दुपारीही मीच. दुपारी मी नाटक केलं. सकाळी मला सगळं ऐकू आलं होतं. मला काहीतरी मिळत होतं, बोललो तर ते जाईल अशी मला भीती वाटली. म्हणून नाही बोललो. तुझी काही चूक नाही."

ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. मराठी तिला थोडंच यायचं, म्हणून मी पुन्हा सांगितलं, आणखी सोपं करून. तिला पहिल्याच वेळी समजलं होतं.

"एक शब्दच तं होता, भाऊ," ती म्हणाली.

मग ती उठली, कमरेवर हात ठेवून, सावकाश. कोंबडा उचलला, काखेत धरला, आणि तो घेऊन आपल्या घरी गेली.